पालथी किटली

मी एक जुनी तांब्याची किटली आहे आणि मित्रांनो, पुढचे काही सांगण्याआधी एक गोष्ट बजावून ठेवते. मला कोणीही चोरलेले नाही. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात माझ्या पायाशी जी पाटी लावली आहे, तिच्यावर ‘चोरीची किटली’ असे लिहिले आहे. ती पाटी खोटी आहे. या गोष्टीला दोनशे वर्षे होत आली, पण माझा राग अजून थंड झालेला नाही.

माझा जन्म लंडनमध्ये, नदीच्या दक्षिणेला एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने ठोकून ठोकून मला गोल केले, आतून कल्हई केली, वर मूठ बसवली. चोच जोडताना मात्र त्याचा हात जरासा हलला. त्यामुळे माझ्यातून पाणी ओतले की धार सरळ पडत नाही, थोडी डावीकडे जाते. मला वापरणारा माणूस पहिल्या दिवशी हात भाजून घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून भांडे डावीकडे धरायला शिकतो.

हेरिंग बोळातल्या ग्रिंडलबाईंनी मला चार शिलिंगांना विकत घेतले. ग्रिंडलबाईंच्या घरात चार खोल्या भाड्याच्या होत्या आणि त्या ‘सामानासकट’ दिल्या जात. सामान म्हणजे एक खाट, दोन चादरी, एक खुर्ची आणि एक किटली. एवढ्यासाठी बाई दुप्पट भाडे घेत आणि वर आपण घरंदाज असल्याचा तोरा मिरवत.

आता आमच्या बोळाची रीत सांगते. बोळाच्या टोकाला गहाणवटीचे दुकान होते. दुकानदाराचे नाव क्विल, पण सगळे त्याला मामा म्हणत. सोमवारी सकाळी मामाच्या दारात रांग लागे. कोणी रविवारचा कोट ठेवी, कोणी इस्त्री, कोणी अंगावरची शाल. शनिवारी मजुरी हातात आली की वस्तू सोडवून घरी आणायची आणि सोमवारी पुन्हा ठेवायची. यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. बोळातल्या सगळ्या किटल्या एकसारख्याच दिसत, म्हणून मामा प्रत्येक वेळी दाभणाने माझ्या तळावर एक बारीक रेघ ओढून ठेवी.

खोली रिकामी असली, भाडे येईनासे झाले, की ग्रिंडलबाई मला शालीखाली झाकून मागच्या दाराने मामाकडे नेत. अशा आठ रेघा माझ्या तळावर उमटल्या होत्या. बाहेर मात्र बाई म्हणत, “आमच्या घरची वस्तू त्या दुकानाची पायरी चढत नाही हो!” मी चुलीवर बसून हे ऐकत असे आणि माझे झाकण खडखडत असे.

मग मागच्या खोलीत डॉर्कस पिम राहायला आली. ती शिवणकाम करणारी विधवा होती. तिच्याबरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी होती, लेटी. डॉर्कसचे बोट पहिल्या दिवशी भाजले आणि ती मला म्हणाली, “अगं बये, तू डावखुरी आहेस होय!” त्यानंतर तिने कधीही एक थेंब सांडला नाही. पाव आणि चहा हेच त्या दोघींचे जेवण होते, कधीमधी त्यात एखादा खारवलेला मासा असे. पण त्या खोलीत जेवढे हसणे मी ऐकले तेवढे त्या घरात पूर्वी कधी ऐकले नव्हते.

डॉर्कस एका कपडेवाल्यासाठी सदरे शिवत असे. त्या धंद्याची एक रीत होती. कापड घरी न्यायचे असेल तर आधी अनामत ठेवावी लागे. सदरे शिवून परत दिले की अनामत परत मिळे. अनामतीला पैसे नसले की डॉर्कस सोमवारी मला मामाकडे ठेवी आणि शनिवारी न चुकता घेऊन येई. दोन महिन्यांत असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी कपडेवाल्याने एका सदऱ्याचे काज वाकडे आहे म्हणून सगळा गठ्ठा परत केला आणि सोमवारी यायला सांगितले. त्यामुळे त्या शनिवारी मी मामाच्या फळीवरच राहिले.

नेमक्या त्याच संध्याकाळी ग्रिंडलबाई भाड्यासाठी वर आल्या. त्यांनी चुलीकडे पाहिले आणि विचारले, “किटली कुठाय?”

पुढचे मला कोळंबीवाल्या मार्जरीने सांगितले. म्हणजे तिने साऱ्या बोळाला सांगितले आणि मी ऐकले. मार्जरी शेजारच्या खोलीत राहायची आणि तिचा आवाज नदीपलीकडे जायचा.

डॉर्कस म्हणाली, “मामाकडे आहे. सोमवारी आणते.”

“माझ्या घरात राहून माझ्याच वस्तू विकतेस? चल, खाली बोळात ये आणि सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी माग. मग बघू.”

डॉर्कसने दोन शब्द गोड बोलून वेळ मारून नेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिने हातातली सुई कापडात खोचली आणि शांतपणे सांगितले, “गुडघे टेकते की. पण आधी तुम्ही टेका, ग्रिंडलबाई. तुम्हीही हीच किटली मामाकडे नेता, शालीखाली झाकून. मी निदान हातात धरून नेते.”

जिन्यात उभे असलेले सगळे भाडेकरू खोखो हसले. ग्रिंडलबाई लालबुंद झाल्या, खाली उतरल्या आणि थेट शिपायालाच घेऊन आल्या.

मित्रांनो, मी कोर्ट पाहिले आहे. पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवले होते. माझ्या आधी एका रुमालाचा खटला झाला, त्याआधी एका चीजच्या तुकड्याचा. प्रत्येक खटला तुमचे पाणी उकळायच्या आत संपत होता. कठड्याआड डॉर्कस उभी होती आणि वर गर्दीत मार्जरीचा हात धरून लेटी बसली होती. डॉर्कसला एकाच गोष्टीची धास्ती होती. चोर ठरलेल्या माणसांना जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत असत आणि एवढ्या मोठ्या मुलीला बरोबर नेऊ देत नसत.

ग्रिंडलबाईंनी शपथ घेतली आणि सांगितले, “सरकार, माझ्या घरातली वस्तू आजवर गहाण पडलेली नाही. या बाईने घराण्याला काळिमा फासला.”

मग मामाची साक्ष झाली. डॉर्कसने कठड्यावरून वाकून त्याला विचारले, “मामा, खरं सांग. माझ्याआधी ही किटली तुझ्याकडे कोण आणायचं?”

मामाने टोपी हातात फिरवली. ग्रिंडलबाई हे त्याचे जुने गिऱ्हाईक होते. तो म्हणाला, “रोज इतक्या किटल्या येतात. कुठली लक्षात राहणार?”

मला इतका संताप आला! पुरावा माझ्या अंगावर कोरलेला होता आणि मी टेबलावर सरळ, शहाण्यासारखी बसले होते. मला पालथी घाला, असे मी जीव तोडून ओरडत होते. पण किटलीला ओरडायला आत पाणी लागते आणि खाली विस्तव लागतो. माझ्यापाशी दोन्ही नव्हते.

ज्यूरीच्या बारा माणसांत हॉब्ले नावाचा एक तांबट होता. खटल्यात त्याला रस असावा असे वाटत नव्हते, पण तांब्याचे भांडे समोर आले की तांबटाचा हात स्वस्थ बसत नाही. “जरा बघू,” म्हणत त्याने मला मागून घेतले. झाकण उघडून कल्हई पाहिली, चोच पाहून नाक मुरडले आणि मग सवयीने मला पालथी केली. त्याचा अंगठा माझ्या तळावरून फिरला आणि थांबला.

“क्विलसाहेब, या रेघा तुमच्या का?”

“हो, म्हणजे... प्रत्येक खेपेला एक ओढतो.”

“ही बाई या खोलीत कधीपासून आहे?”

“दोन महिने झाले,” ग्रिंडलबाई पटकन म्हणाल्या.

“आणि तिने किती वेळा ठेवली?”

“तीनदा,” मामा पुटपुटला.

हॉब्लेने मला खिडकीकडे धरले. “या तीन रेघा ताज्या आहेत, तांबं अजून लाल दिसतंय. बाकीच्या आठांमध्ये काजळी भरून गेलीय. त्या काही दोन महिन्यांतल्या नाहीत, बाई. त्या कोणाच्या?”

कोर्टात हशा पिकला. वरून मार्जरीने ओरडून सांगितले, “शालीखालच्या!” ग्रिंडलबाईंचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

मला वाटले, सुटली डॉर्कस! पण न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, आपली वस्तू मालकिणीने आठ वेळा गहाण ठेवो की ऐंशी वेळा, तो तिचा प्रश्न आहे. दुसऱ्याची वस्तू न विचारता ठेवणे ही कायद्याने चोरी आहे, आणि परत आणण्याची इच्छा होती असे तर प्रत्येक चोर सांगतो.

ज्यूरीची माणसे डोकी जवळ आणून कुजबुजली. मग हॉब्लेच उठून म्हणाला, “दोषी आहे. चोरीच्या मालाची किंमत, दहा पेन्स.”

दहा पेन्स! मित्रांनो, माझी किंमत चार शिलिंग होती आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होतात. मी हिशेब केला आणि अपमानाने माझा तळ तापला. एका तांबटाने असे बोलावे? पण नंतर मला कळले की त्या देशातली भली माणसे ज्यूरीत बसली की असेच करीत. माल एका शिलिंगाहून कमी किमतीचा ठरला तर गुन्हा लहान ठरे आणि शिक्षाही बहुधा लहान होई. हॉब्लेने माझी किंमत पाडली ती डॉर्कसला दोन-तीन महिन्यांच्या कैदेवर सोडवावे म्हणून. मग मला ते दहा पेन्स आवडू लागले.

पण न्यायाधीशांना ही युक्ती पाठ होती. भाडेकरूंच्या अशा चोऱ्या फार माजल्या आहेत, असे म्हणून त्यांनी डॉर्कसला सात वर्षे समुद्रापार पाठवण्याची शिक्षा दिली. शिक्षा ऐकून पुष्कळ बायका तिथे मूर्च्छित पडत. डॉर्कसने कठडा घट्ट धरला आणि मान वर केली.

“दहा पेन्सच्या किटलीसाठी सात वर्षं! सरकार, तुमच्याकडे चहा फारच महाग झालाय.”

शिपाई तिला ओढत घेऊन गेला. लेटी वरून माझ्याकडे टक लावून पाहत होती.

मला पुन्हा ग्रिंडलबाईंच्या हवाली करण्यात आले. खटला जिंकल्याची खूण म्हणून त्यांनी मला पुढच्या खिडकीत मांडले. दुसऱ्या दिवशी मार्जरी लेटीचे कपडे न्यायला आली. तिने खिडकीतून हात घातला, मला उचलले आणि पालथी ठेवली. अकरा रेघा आभाळाकडे!

ग्रिंडलबाईंनी मला सरळ केले. दुपारी कोळसेवाल्याने पालथे केले. बाईंनी सरळ केले. मग दूधवालीने, मग झाडूवाल्याने, मग चर्चमधून परतणाऱ्या एका चांगल्या टोपीवाल्या बाईने. खिडकी बंद केली तर भाडेकरू आतून येऊन पालथी करीत. पुढे पुढे लोक त्या घरालाच ‘पालथी किटली’ म्हणू लागले. नवा भाडेकरू पत्ता विचारत आला की मुले ओरडत, “पालथ्या किटलीत जायचंय का?” तो तिथूनच मागे फिरे.

लेटी मार्जरीबरोबर तुरुंगात आईला भेटायला गेली तेव्हा तिने हे सगळे सांगितले. डॉर्कस इतकी हसली की पहारेकरीण धावत आली. मग ती लेटीला म्हणाली, “हे बघ, आई कुठे गेली असं कोणी विचारलं तर मान खाली घालायची नाही. सांगायचं, राजाच्या खर्चाने समुद्रावर फिरायला गेलीय.” आणि लेटी निघताना तिने मार्जरीला बाजूला घेऊन सांगितले, “पोरीचं तोंड सात वर्षांत बदलून जाईल गं. मी तिला ओळखलं नाही तर काय करू?” मार्जरी प्रत्येकाला हे सांगताना रडायची, आणि रडून झाले की येऊन मला पालथी करायची.

शेवटी ग्रिंडलबाई कंटाळल्या. एका सोमवारी त्यांनी मला मामाकडे टाकले आणि परत काही आल्या नाहीत. त्या दिवशी मामाने दाभण उचलले, माझा तळ पाहिला आणि दाभण तसेच खाली ठेवले. बारावी रेघ ओढण्याचा त्याला धीर झाला नाही.

वर्ष उलटले आणि न सोडवलेली वस्तू म्हणून मी विकायला निघाले. सोमवारची गर्दी होती, बोळ निम्मा तिथेच होता. रांगेतून लेटी पुढे आली. आता ती मार्जरीबरोबर कोळंबी विकत होती आणि तिचा आवाजही मार्जरीच्या तोडीचा झाला होता.

“किटलीचे किती?”

“चार शिलिंग,” मामा म्हणाला.

लेटीने फळीवर नाणी ठेवली. “हे घे दहा पेन्स.”

“पोरी, थट्टा करतेस?”

“कोर्टाने ठरवलेली किंमत आहे. बारा माणसांनी शपथेवर ठरवलीय आणि तू तिथे उभा होतास. तेव्हा का नाही म्हणालास, चार शिलिंग आहे म्हणून?”

“दे रे मामा!” रांगेतून कोणीतरी ओरडले. “का पुन्हा विसरलास?” आणखी कोणी म्हणाले. मामाने एकदा रांगेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मला लेटीच्या हातात दिले. मित्रांनो, अशी मी कायदेशीर रीतीने, रोख पैसे मोजून पिम घराण्याची झाले.

वर्षभर पडून राहिल्यामुळे माझी चोच गळत होती. लेटीने मला हॉब्ले तांबटाकडे नेले. त्याने मला पाहताच ओळखले. तो विस्तव फुंकू लागला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, फार तर तीन महिने होतील. खरंच वाटलं होतं, पोरी.” त्याने चोच झाळली, मूठ घट्ट केली आणि पैसे घेतले नाहीत. “या रेघा घासून टाकू का? तळ अगदी आरशासारखा करून देतो.”

“हात लावलात तर चावेन,” लेटी म्हणाली.

चार वर्षांनी पत्र आले. डॉर्कस जिथे होती त्या बेटाला आज टास्मानिया म्हणतात. तिने एका शिपायाच्या बायकोकडून ते लिहवून घेतले होते. बायकांच्या तुरुंगात उलट उत्तरे दिली म्हणून तिचे केस दोनदा कापले होते आणि कोरड्या पावावर ठेवले होते, पण उत्तरे काही थांबली नव्हती. आता तिला स्वतःच्या मजुरीवर काम करण्याचा परवाना मिळाला होता. ती कपडे धुण्याचे काम करीत होती आणि मुलीला बोलावून घेण्याचा तिचा अर्ज मंजूर झाला होता. लेटी तेव्हा पंधरा वर्षांची होती. मार्जरीने तिच्या गाठोड्यात खारवलेले मासे बांधले आणि रडत रडत मला शेवटची पालथी केली.

चार महिने आम्ही समुद्रावर होतो. त्या बेटावरच्या होबार्ट बंदराच्या धक्क्याला जहाज लागले तेव्हा खाली माणसांची गर्दी होती. उतरणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली बऱ्याच होत्या, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांचे चेहरे उन्हाने आणि उपासाने सारखेच सुकलेले. लेटी एकेका बाईच्या तोंडाकडे पाहत होती. आपली आई कशी दिसते हे तिला आठवेना.

मग तिने मला गाठोड्यातून बाहेर काढले, डोक्यावर उंच धरले आणि पालथी केली. झाकण सुटून धक्क्यावर घरंगळत गेले. लोक पाहू लागले. एक साहेब म्हणाला, “अगं ए, रिकामी किटली काय ओततेस?”

गर्दीच्या मागून हसण्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. आखूड केसांची, लाल हातांची एक बाई माणसांना ढकलत पुढे येत होती. हसता हसता ती रडत होती, आणि वाटेत वाकून तिने माझे झाकण उचलून घेतले.

त्या संध्याकाळी तिच्या लाकडी झोपडीत मी पुन्हा चुलीवर बसले. डॉर्कसने पाणी ओतायला मला उचलले आणि न पाहताच भांडे डावीकडे धरले. एक थेंब सांडला नाही. लेटीने ते पाहिले आणि तेव्हा कुठे ती आईच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे चहा केला. लेटीच्या मुलांसाठी केला, नातवंडांसाठी केला. मग नव्या किटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथे धूळ खात किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. डॉर्कसच्या मुलीच्या मुलीच्या मुलीने मला या संग्रहालयाला दिले. इथली माणसे प्रेमळ आहेत. पण त्यांनी मला सरळ मांडले आहे, चोच झोकात पुढे आणि पायाशी ती खोटी पाटी. सात वर्षे माणसाला घरापासून तोडणाऱ्या अशाच एका न्यायाधीशाच्या खुर्चीला मात्र पलीकडच्या दालनात मखमल लावली आहे. तिच्याखाली कसलीही पाटी नाही.

परवा एक नवी मुलगी माझे कपाट साफ करायला आली. तिच्या हातात तांबे चकचकीत करायची पूड होती. तिने मला सगळीकडून लख्ख घासले आणि मग पालथी केली. तळावरच्या ओरखड्यांकडे पाहून ती म्हणाली, “अरेरे, किती खराब केलंय कोणीतरी.” फडके तळापर्यंत आले होते. तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली आणि ती उठून गेली. ती उद्या परत येणार आहे.

म्हणून मित्रांनो, आजच तुम्हाला सांगते. जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना गंज चढू देऊ नका, धूळ बसू देऊ नका. माझ्याकडे आलात तर त्या मुलीला माझा निरोप द्या. मला वरून हवी तेवढी घास म्हणावे. पाटी हवी तर तशीच राहू दे, तिला मी उत्तर देईन. पण माझ्या तळाला हात लावू नकोस. तिथे अकरा रेघा आहेत, त्यातल्या तीनच डॉर्कसच्या आहेत.